कोरे पत्र आणि शेरा : महाविद्यालयीन लेखनवर्गासाठी पदव्युत्तर विद्यार्थ्यांची घडण

प्रस्तावना

महाविद्यालयात मराठी लेखन शिकविणारा अध्यापक कोठे आणि कसा घडतो, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासक्षेत्रात क्वचितच विचारला जातो. उपयोजित मराठी, व्यावहारिक मराठी, लेखनकौशल्ये अशा नावांच्या अभ्यासपत्रिका गेल्या काही दशकांत पदवी अभ्यासक्रमात स्थिरावल्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीनंतर महाराष्ट्रात क्षमतावृद्धी अभ्यासक्रमांच्या रूपाने भाषेचे वर्ग कला शाखेबाहेरील विद्यार्थ्यांपर्यंतही गेले. या पत्रिकांचा पाठ्यांश काय असावा यावर चर्चासत्रे झाली, संदर्भग्रंथ आणि मार्गदर्शिका निघाल्या. परंतु त्या वर्गावर उभा राहणारा, नुकताच एम.ए. झालेला किंवा पीएच.डी.साठी नोंदणी केलेला तरुण अध्यापक त्या कामासाठी तयार आहे काय, याची विचारपूस झाली नाही. साहित्याचा आस्वाद घेता येणाऱ्याला लेखन शिकविता येतेच, असे गृहीत धरले गेले. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा करावयाची आहे. तिच्यासाठी गोदाकाठच्या पुणतांबा या गावाचा आधार घेतला आहे, आणि तो केवळ सोयीचा म्हणून नाही. लेखनाच्या अध्यापनाविषयी मराठी परंपरेतील एक मूलभूत आख्यायिका या गावाशी निगडित आहे. आणि एकविसाव्या शतकात एका ग्रामसभेच्या ठरावाने राज्याचे लक्ष वेधून घेतले ते याच गावातून.

कोऱ्या पत्राची आख्यायिका

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील पुणतांबा येथे चांगदेवांची समाधी दाखविली जाते. चांगदेवांची कथा मराठी वाचकाला परिचित आहे. योगसामर्थ्याने चौदाशे वर्षे जगलेल्या या सिद्धपुरुषाने ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहावयास घेतले आणि पहिल्याच ओळीशी तो अडखळला. ज्ञानदेव वयाने लहान, म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर ते ज्ञानाने मोठे. 'तीर्थरूप' लिहावे, तर ते वयाने पोर. मायना ठरेना, म्हणून चांगदेवांनी कागद कोराच धाडला. तो पाहून मुक्ताबाई उद्गारल्या, की इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला. निवृत्तिनाथांनी मात्र ज्ञानदेवांना उत्तर लिहावयास सांगितले, आणि त्या उत्तराच्या पासष्ट ओव्या 'चांगदेव पासष्टी' म्हणून प्रसिद्ध झाल्या.

या कथेचा अर्थ सामान्यतः योगाच्या अहंकारावर ज्ञानाने मिळविलेला विजय असा लावला जातो, आणि सांप्रदायिक दृष्टीने तो योग्यच आहे. परंतु लेखनाच्या अध्यापकाने ती आपल्या व्यवसायाच्या अंगाने वाचली तर तिच्यातून वेगळेच काही हाती लागते. चांगदेवांना लिहिता येत नव्हते असे कथा म्हणत नाही. त्यांची अडचण शब्दसंपत्तीची नव्हती, शुद्धलेखनाचीही नव्हती. आपण कोण, समोरचा कोण आणि दोघांमधील नाते कोणते, हे निश्चित झाल्यावाचून पहिला शब्द उमटत नाही, ही ती अडचण होती. पत्रलेखनाच्या पाठात मायन्याचा तक्ता दिला जातो. वडिलांस अमुक, मित्रास तमुक, अधिकाऱ्यास 'महोदय'. तो तक्ता पाठ असलेला विद्यार्थीही प्रत्यक्ष लिहिताना थबकतो, कारण तक्त्यात न बसणारी नाती पुष्कळ असतात. ग्रामसेवक हा शेजारच्या वाडीतला, एके काळचा वर्गमित्र असेल, तर त्याच्या नावे तक्रारअर्ज लिहिणाऱ्याची स्थिती चांगदेवांपेक्षा फार निराळी नसते.

कथेतील कोऱ्या कागदाला मिळालेले दोन प्रतिसादही पाहण्याजोगे आहेत. मुक्ताबाईंचा उद्गार हा शेरा आहे : नेमका, झोंबणारा आणि खरा. ज्ञानदेवांची पासष्टी हे उत्तर आहे. जे लिहिलेच गेले नाही त्यातही लिहिणाऱ्याचा प्रश्न वाचून ते दिले गेले. येथे घाईने मुक्ताबाईंना कठोर परीक्षक आणि ज्ञानदेवांना सहृदय अध्यापक ठरविण्याचा मोह होईल; पण तो टाळला पाहिजे. परंपरेनुसार चांगदेवांच्या गुरू पुढे मुक्ताबाईच झाल्या. शेरा निष्फळ गेला नाही, कारण त्याच्या पाठोपाठ उत्तर आले आणि उत्तरामागोमाग भेट झाली. शेरा, उत्तर आणि सहवास या एकाच शिकवणुकीच्या तीन पायऱ्या होत्या. आजच्या महाविद्यालयीन लेखनवर्गात त्यांपैकी शेरा तेवढा उरला आहे.

पात्रतेची कसोटी आणि लेखनाचा अभाव

शिक्षण घेत असतानाच शिकविण्याची प्रथा महाराष्ट्राला नवी नाही. पेशवाईतील दक्षिणेच्या निधीतून इंग्रजी अमदानीत 'दक्षिणा फेलो' नेमले जात, न्या. महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर हे दोघेही असे फेलो होते. पुढच्या अभ्यासाबरोबर महाविद्यालयात अध्यापनाचाही अनुभव घ्यावा, अशी ती योजना होती. परंतु त्या काळी मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून मराठी वगळली गेली आणि तिच्या पुनःप्रवेशासाठी खुद्द रानड्यांना झटावे लागले. परिणामी मराठी लेखनाचे अध्यापन हा विद्यापीठीय प्रशिक्षणाचा विषय तेव्हा होऊ शकला नाही. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली आणि मराठी निबंध प्रौढ झाला, पण तो महाविद्यालयाबाहेर. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड महाविद्यालयाने प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंधलेखन आवश्यक केले, आणि पुढे तेथे पहिल्या वर्षाच्या लेखनवर्गाची सक्तीची परंपरा निर्माण झाली.

स्वातंत्र्योत्तर काळात पुणे विद्यापीठ (स्थापना १९४९, २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) आणि ग्रामीण शिक्षणसंस्था यांच्यामुळे गोदावरी–प्रवरा खोऱ्यातील शेतकरी कुटुंबांतील मुलांना उच्च शिक्षण जवळ आले. कोपरगाव, श्रीरामपूर, लोणी येथील महाविद्यालयांनी घरातील पहिल्या पदवीधरांच्या पिढ्या घडविल्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे कार्य यात मोठे आहे. मात्र या विद्यार्थ्यांपुढे उभा राहणारा अध्यापक निवडताना व्यवस्थेने कोणती कसोटी लावली, हे पाहिले की विसंगती ध्यानात येते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८९ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षा सुरू केली. महाराष्ट्रात तिच्या जोडीला सेट आली. नेटची तिसरी पत्रिका पूर्वी वर्णनात्मक होती. उमेदवाराला तेथे सलग उत्तरे लिहावी लागत. जून २०१२ पासून तीही बहुपर्यायी झाली. सेटचे स्वरूपही आज बहुपर्यायीच आहे. जून २०२३ मधील दुरुस्तीने नेट, सेट किंवा स्लेट ही सहायक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीची किमान अट ठरली. याचा सरळ अर्थ असा, की मराठी लेखन शिकविण्याची पात्रता मराठीचे एकही वाक्य न लिहिता सिद्ध करता येते. तपासणीतील सोय, निःपक्षपात, उमेदवारांची प्रचंड संख्या ही कारणे खरी आहेत, ती डावलता येणार नाहीत. तरीही ज्याच्याकडून कोऱ्या कागदाला उत्तर देण्याची अपेक्षा आहे, त्याच्या स्वतःच्या पात्रतेचा कागद या अर्थाने कोराच राहतो. पहिल्या पत्रिकेत अध्यापन अभिक्षमतेचे प्रश्न असतात हे मान्य; पण चार पर्यायांतून योग्य अध्यापनपद्धती ओळखणे आणि एखाद्या मुलाचा परिच्छेद हाती घेऊन त्याला काय सांगावे हे उमगणे, या दोन भिन्न क्षमता आहेत.

शाळेतील शिक्षकासाठी बी.एड. आहे. महाविद्यालयीन अध्यापकासाठी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली, उद्बोधन आणि उजळणी वर्ग सुरू झाले. पण ते नियुक्तीनंतरचे, आणि पदोन्नतीशी जोडलेले. प्रत्यक्षात लेखनाची पत्रिका अनेकदा सर्वांत कनिष्ठ अध्यापकाच्या, पुष्कळदा तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याच्या वाट्याला येते. संतसाहित्य, समीक्षाशास्त्र, भाषाविज्ञान ही 'विद्वत्तेची' क्षेत्रे ज्येष्ठांकडे. अर्ज, इतिवृत्त आणि सारांशलेखन नवख्याकडे. या वाटपातच लेखनाविषयीची आपली श्रेणीकल्पना उघडी पडते.

एका अर्जाची तपासणी

या श्रेणीकल्पनेचे फलित समजून घेण्यासाठी एक काल्पनिक परंतु संभाव्य उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. प्रथम वर्षाच्या वर्गाला ग्रामपंचायतीस अर्ज लिहावयास सांगितला आहे. गोदाकाठच्या एका वस्तीवरील विद्यार्थी लिहितो : 'आमच्या वस्तीवर आठ दिवसापासून पानी नाही. टँकर येतो पन तो मळ्याच्या रस्त्यालाच थांबतो. म्हातारे माणसं हंडा घेऊन तिथपर्यंत जाऊ शकत नाही. तरी टँकर शाळेपाशी उभा करावा ही विनंती.'

अध्यापक हा अर्ज साधारणपणे दोन प्रकारे तपासतो. पहिला प्रकार लाल शाईच्या वर्तुळांचा : 'पानी', 'पन', 'दिवसापासून', 'म्हातारे माणसं', 'शकत नाही' अशी पाच वर्तुळे, आणि खाली 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' हा शेरा. दुसरा प्रकार वरकरणी अधिक आस्थेचा. त्यात अध्यापक मजकूरच बदलून देतो : 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर परिसरात पाण्याची अनुपलब्धता असल्याने नागरिकांची गैरसोय होत आहे.' भाषा 'कार्यालयीन' झाली; पण टँकर कोठे थांबतो, कोणाला त्याचा त्रास होतो आणि तो कोठे थांबावा, हे तिन्ही तपशील वाहून गेले. मूळ अर्ज वाचून ग्रामसेवकाला काय करावयाचे ते कळले असते. सुधारलेला अर्ज वाचून त्याला फाइलला लावण्यापलीकडे काही करता येणार नाही. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा अधिक घातक आहे असे म्हटले पाहिजे, कारण तो विद्यार्थ्याला आपला अनुभव लेखनाच्या लायकीचा नाही असे शिकवितो, आणि तेही त्याच्या भल्यासाठी.

वास्तविक त्या चार वाक्यांत अर्जलेखनाचा गाभा शाबूत आहे. वस्तुस्थिती, कारण, बाधित व्यक्ती आणि नेमकी मागणी हे सारे योग्य क्रमाने आले आहे. प्रशिक्षित वाचकाने प्रथम हे ओळखावयास हवे. त्यानंतर त्याचे प्रश्न येतील : पाणी कोणत्या तारखेपासून नाही? वस्तीवर घरे किती? यापूर्वी कोणाला सांगितले होते काय? अर्ज सरपंचाला आहे की ग्रामसेवकाला, आणि त्याने त्यात काय फरक पडेल? या प्रश्नांच्या उत्तरांतून विद्यार्थी दुसरा मसुदा लिहील. प्रमाणभाषेचा विचार त्यानंतर, आणि तोही वर्गवारी करून. 'पानी' आणि 'पन' यांत निष्काळजीपणा नाही. घरच्या बोलीतील उच्चार तेथे इमानाने लिहिला गेला आहे. 'म्हातारे माणसं' यात नपुंसकलिंगी अनेकवचनाच्या विशेषणाची बोलीतील घडण आहे, आणि ती त्या बोलीपुरती नियमबद्ध आहे. 'दिवसापासून' हा दोष मात्र निराळ्या जातीचा : अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार हा १९६२ च्या शुद्धलेखन नियमांतील भाग, आणि तो कानाने नव्हे तर नियमाने शिकावा लागतो. तिन्हींना एकच लाल वर्तुळ घातले की विद्यार्थ्याला त्यांतील भेद कधीच कळत नाही. न–ण बद्दल वारंवार टोकला गेलेला विद्यार्थी पुढे 'मन'ही 'मण' लिहू लागतो. त्या 'मण'मध्ये अज्ञान नाही, अतिदक्षता आहे. हे ज्याला दिसते, तो अध्यापक निराळी सुधारणा सुचवील.

येथे अमेरिकेतील एका अनुभवाचा उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने १९७० मध्ये मुक्त प्रवेशाचे धोरण स्वीकारल्यावर सिटी कॉलेजमध्ये कष्टकरी, कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित कुटुंबांतील हजारो विद्यार्थी आले. तेथील लेखनवर्गांची जबाबदारी सांभाळणाऱ्या मीना शॉनेसी यांनी सुमारे चार हजार प्रवेशनिबंध अभ्यासले आणि १९७७ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या चुका विस्कळीत नसतात, त्यांना अंतर्गत संगती असते, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्याआधी, १९७६ च्या एका निबंधात, त्यांनी दृष्टी विद्यार्थ्यावरून अध्यापकाकडे वळविली. प्रारंभी अध्यापक ज्ञानाच्या गढीचा पहारेकरी असतो. मग विद्यार्थ्यांना आपल्यासारखे करू पाहतो. नंतर अडचणीचा ठाव घेऊ लागतो. आणि अखेर, आपल्यालाच काही शिकावयाचे आहे हे मान्य करून, स्वतः पाण्यात उतरतो. वर वर्णिलेल्या तपासणीच्या दोन प्रकारांची तुलना यातील पहिल्या दोन अवस्थांशी सहज करता येते.

तिकडच्या व्यवस्थेचे गुणगान मात्र बेताने करावे. अमेरिकेत पहिल्या वर्षाचे लेखनवर्ग मोठ्या प्रमाणात पदव्युत्तर विद्यार्थीच घेतात, आणि त्यांना त्या सत्रात अध्यापनाचा वेगळा वर्ग, साप्ताहिक बैठका, एकत्र उत्तरपत्रिका वाचून गुणांचे मानदंड जुळविण्याचा सराव इत्यादी मिळते. पण त्याच व्यवस्थेत ते अल्प वेतनावरचे मनुष्यबळही असतात. तासिका तत्त्वाची झळ सोसणाऱ्या मराठी अध्यापकाला हे सांगण्याची गरज नाही.

ठराव, निवेदन आणि रकाना

लेखनवर्गातील या त्रुटीचे मोल वर्गाबाहेर काय पडते, याचे उत्तर पुणतांब्याने २०१७ मध्ये दिले. त्या वर्षी एप्रिलमध्ये तेथील ग्रामसभेने शेतकऱ्यांनी संपावर जावे असा ठराव केला आणि १ जूनपासून शहरांकडे जाणारे दूध व भाजीपाला रोखला गेला. कर्जमाफी, हमीभाव या मागण्या गावोगावच्या ठरावांतून आणि निवेदनांतून शासनाकडे गेल्या. ग्रामसभेचा ठराव, मागण्यांचे निवेदन, बैठकीचे इतिवृत्त, पत्रकारांना द्यावयाचे प्रसिद्धिपत्रक हे सारे लेखनप्रकार उपयोजित मराठीच्या पाठ्यपुस्तकात 'नमुना' या शीर्षकाखाली येतात. तेथे ते निर्जीव दिसतात, कारण नमुन्यात काहीही पणाला लागलेले नसते. पुणतांब्यात एका वाक्यातील 'सरसकट' या शब्दासाठी वाटाघाटी अडू शकत होत्या.

जून २०१७ मध्ये राज्य शासनाने सुमारे ३४ हजार कोटी रुपयांची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. लाभासाठी ऑनलाइन अर्ज भरणे आवश्यक ठरले. ठरावाच्या सामूहिक प्रथमपुरुषातून सुरू झालेला लेखनव्यवहार अशा रीतीने संगणकावरील रकान्यांत येऊन स्थिरावला. 'आम्ही शेतकरी' हा कर्ता जाऊन खातेक्रमांक उरला. लेखनाच्या वर्गात या स्थित्यंतराचे विवेचन झाले असते तर भाषा आणि सत्ता यांचे नाते शिकविण्यासाठी परकीय सिद्धान्तग्रंथ उघडण्याची गरज पडली नसती. परंतु त्यासाठी अध्यापकाला ठराव हा 'वाङ्मयीन मूल्य नसलेला मजकूर' वाटता कामा नये, आणि एम.ए.च्या संपूर्ण अभ्यासक्रमात त्याला नेमके तसेच वाटावे अशी तरतूद आहे. आस्वाद, रसविचार, वाङ्मयप्रकारांचे सिद्धान्त यांनी त्याची दृष्टी सिद्ध झालेल्या कृतीकडे लागलेली असते. अर्धवट, अडखळणाऱ्या, होऊ घातलेल्या मजकुराचे वाचन त्याने कधी केलेले नसते.

२०२२ चे विनियम

या पार्श्वभूमीवर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ मधील पीएच.डी. विनियमांकडे पाहिले पाहिजे. सर्व विद्याशाखांतील संशोधक विद्यार्थ्यांनी आपल्या विषयाशी संबंधित अध्यापन, शिक्षण, अध्यापनशास्त्र किंवा लेखन यांचे प्रशिक्षण घेणे त्यांत आवश्यक ठरविले आहे. शिवाय त्यांना आठवड्यास चार ते सहा तासांचे अध्यापन-साहाय्य किंवा संशोधन-साहाय्य, म्हणजे ट्युटोरियल, प्रयोगशाळेतील काम व मूल्यमापन, सोपविता येईल असे म्हटले आहे. तरतूद स्वागतार्ह आहे. पण तिची शब्दरचना बारकाईने वाचण्यासारखी आहे. प्रशिक्षण बंधनकारक, प्रत्यक्ष काम ऐच्छिक. शिवाय अध्यापन, शिक्षण, अध्यापनशास्त्र आणि लेखन तिरप्या रेषांनी एकाच ओळीत जोडल्यामुळे त्यांतील कोणताही एक निवडून अट पुरी करता येते. काही व्याख्याने, एक प्रकल्पवही आणि प्रमाणपत्र एवढ्यावर हे प्रशिक्षण आटोपण्याचा धोका उघड आहे. पोहण्याचे शास्त्र शिकणे सक्तीचे आणि नदीत उतरणे इच्छेवर, असे त्याचे स्वरूप होईल.

दुसरी मर्यादा अधिक व्यावहारिक आहे. लेखनवर्ग घेणारे अनेक तरुण अध्यापक पीएच.डी.चे विद्यार्थी नसतातच, ते एम.ए.नंतर सेट उत्तीर्ण होऊन थेट तासिकांवर रुजू होतात. त्यांच्यापर्यंत हे विनियम पोहोचत नाहीत. त्यांच्यासाठी उपाय शोधावयाचा तर तो एम.ए.च्या चौकटीतच शोधावा लागेल, आणि तशी जागा आता उपलब्ध आहे. २०२३ पासून राज्यात लागू झालेल्या पदव्युत्तर आराखड्यात पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प ठेवलेला आहे. मराठी विभागांना त्यासाठी वृत्तपत्र कार्यालये आणि प्रकाशनसंस्था यांचा शोध घ्यावा लागतो, आणि ग्रामीण भागात तो सहजी लागत नाही. वस्तुतः विद्यार्थी ज्या व्यवसायात जाण्याची आकांक्षा बाळगतो तो भिंतीपलीकडच्या वर्गात चालू असतो. प्रथम वर्षाच्या लेखनवर्गातील पंधरा-वीस विद्यार्थी एका एम.ए.च्या विद्यार्थ्याकडे सोपवावेत. त्याने त्यांचा पहिला मसुदा वाचावा, गुण न देता लेखी उत्तर द्यावे, दुसरा मसुदा मागवावा. आणि आठवड्यातून एकदा ज्येष्ठ अध्यापकांसमवेत बसून विद्यार्थ्यांचे मसुदे नव्हे, तर स्वतः लिहिलेली उत्तरे तपासून घ्यावीत. यासाठी नवे पद लागत नाही, नवी इमारत लागत नाही. ज्येष्ठ अध्यापकाचा वेळ मात्र लागतो, आणि त्याच्या कार्यभारात हा तास मोजला गेला नाही तर योजना पहिल्या सत्रातच कागदावर राहील. नवखा विद्यार्थी चुकीचे मार्गदर्शन करील हा आक्षेप रास्त आहे. परंतु आज तोच विद्यार्थी दोन वर्षांनी, कोणाच्याही देखरेखीविना, शंभरांच्या वर्गाला तेच मार्गदर्शन करतो.

अशा बैठकीत पहिल्या दिवशी काय ठेवावे, असा प्रश्न येईल. टँकरचा तो चार वाक्यांचा अर्ज ठेवावा, सर्वांच्या हातून लाल पेन काढून घ्यावे, आणि प्रत्येकाने त्या मुलाला उद्देशून पाच ओळींचे उत्तर लिहावे. बहुतेकजण पहिल्या ओळीशीच अडतील. त्याला 'तू' म्हणावे की 'तुम्ही', येथपासून.